होला हो

वेन्डेल प्रुइट जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा आणि डोळे उघडले की वाद उकरून काढायचा. दोन्ही गोष्टी तो सारख्याच श्रद्धेने करी. तुआस बंदराच्या त्या यार्डात समुद्रातल्या तेलविहिरींसाठी लागणारे चार-चार मजली पोलादी सांगाडे तयार होत, आणि त्या सगळ्या कामाचा प्रमुख म्हणून ह्यूस्टनच्या कंपनीने त्याला पाठवला होता. मूळचा ओक्लाहोमाचा, गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. मॅनेजर लोकांना जेवायला एसी लावलेली वेगळी खोली होती, पण हा बाबा आपला ट्रे घेऊन कॅन्टीनमध्ये इंजिनिअरांच्या टेबलावर येऊन बसे, नारळाच्या दुधात शिजवलेल्या नासी लेमाक भातावर वाटीभर तिखटजाळ सांबल चटणी ओतून घेई आणि तिखटाने वाहणारं नाक पुसत पुसत जगाचे प्रश्न काढी. देव, कर, बंदुका आणि इस्रायल या विषयांवर त्याची मतं पक्की होती. ती मनात दडवून ठेवणं त्याला खोटं बोलण्याइतकंच वाईट वाटे.

समोर बसणारा नरेश मेश्राम दोन वर्षं ही मतं ऐकत होता आणि ताटात बघून हसत होता. नरेश नागपूरचा. अवजड वजनं क्रेनने उचलायची तर किती भार येईल, सांगाडा कुठून धरायचा, खालची जमीन किती सोसेल, हे गणित मांडणारा इंजिनिअर. त्याला वेन्डेल आवडायचा आणि त्याला कारण होतं. नागपुरात आणि पुढे पुण्यात त्याने असे साहेब पाहिले होते, जे पहिल्या भेटीत आडनाव विचारत आणि मग उगाच गप्प होत. वेन्डेलने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "तुझं गणित कोण तपासतं?"

"मीच."

"मग आजपासून ते मी तपासणार. आणि माझं तू."

असा साहेब नरेशला जन्मात भेटला नव्हता. त्याची इतर मतं ऐकून घ्यावी लागली तर बिघडलं काय, एवढाच हिशेब.

दोन हजार नऊचा जानेवारी होता. जगभर मंदीने हाहाकार माजवला होता आणि यार्डात रोज कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जात होता. केक कापणारा हसत असे, बाकीचे मनातल्या मनात आपली पाळी मोजत. आता तयार झालेला सांगाडा क्रेनने उचलून बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, ठेवला की कामाचा हा टप्पा संपणार होता. त्या उचलणीचा प्रमुख जो होईल तो पुढच्या टप्प्यालाही राहणार, बाकीच्यांचं काही खरं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी गेली की या देशात राहायचा पास गेला, पास गेला की सेम्बावांगचा फ्लॅट गेला, मुलीची, इराची शाळा गेली, बायकोचं, अंजलीचं प्रयोगशाळेतलं अर्धं झालेलं संशोधन गेलं. वेन्डेलने नरेशला सांगितलं होतं, "ही उचलणी तुझी." अजून कागदावर काही नव्हतं, पण वेन्डेलचा शब्द म्हणजे शब्द. नरेश महिनाभर त्याच आनंदात होता.

त्या दुपारी कॅन्टीनच्या टीव्हीवर गाझा होतं. गेले दोन आठवडे तेच होतं. धुराचे लोट, ढिगारे, मुलांना उचलून पळणारी माणसं, आणि मधूनच इस्रायलमधल्या एखाद्या गावात रॉकेटने भोक पडलेलं छप्पर. वेन्डेलने डोळे मिटले. "प्रभू, इस्रायलच्या लेकरांना सांभाळ. गाझाच्या लेकरांनाही सांभाळ, कारण त्यांचे पुढारी त्यांना सांभाळत नाहीत. आमेन."

"आमेन," कपाळावर विभूती लावलेला श्रीनिवास सभ्यपणे म्हणाला. श्रीनिवास चेन्नईचा, नरेशच्याच तोडीचा इंजिनिअर. कुणाच्याही देवाला नाराज करायचं नाही हा त्याचा नियम होता.

वेन्डेलने काटा उचलला आणि टीव्हीकडे रोखला. "हे लोक अर्धीच गोष्ट दाखवतात. तिशीत असताना मी आमच्या चर्चबरोबर तिकडे गेलो होतो. गाझाच्या हद्दीजवळ एका शेतकऱ्याच्या घरी राहिलो. काय सांगू तुम्हाला, माझ्या बापाचंच शेत. तोच गहू, तीच धूळ, पावसाच्या नावाने तीच बोंब. फरक एवढाच की शेताच्या कोपऱ्यात जमिनीखाली काँक्रीटची खोली होती. मी विचारलं, ही कशाला? म्हातारा म्हणाला, ट्रॅक्टर सोडून पळायला. आज त्याचा मुलगा ते शेत कसतो. सायरन वाजला की बुटाची नाडी बांधायलासुद्धा वेळ नसतो त्याला. आणि जग त्यालाच विचारतं, तू इतका का चिडतोस? साऱ्या पृथ्वीवर त्या लोकांना कुणी उभं केलं नाही. एवढीशी पट्टी मिळाली, तिथे त्यांनी लोकशाही उभी केली, कोर्टं उभी केली, वाळूत गहू काढला. माझा देश माझ्या मित्राच्या बाजूने उभा राहतो याचा मला अभिमान आहे. मित्र अडचणीत असताना जो दोन्ही बाजू बघत बसतो तो मित्र नव्हे." मग घोटभर पाणी पिऊन तो म्हणाला, "शिवाय ती जमीन देवाने त्यांना दिली. पुस्तकात लिहिलेलं आहे."

इथवर नरेश नेहमीप्रमाणे हसत होता. पण शेवटचं वाक्य त्याच्या कानात शिरलं आणि हसू पुसलं गेलं. आपण बोलणार आहोत हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"पुस्तकात आमच्याबद्दलही लिहिलेलं होतं, वेन्डेल."

टेबलावरचे चमचे थांबले.

"पुस्तकात लिहिलंय म्हणून अमुक जमीन अमक्याची, पाणी तमक्याचं, असं कुणी म्हणालं की आमच्या अंगावर काटा येतो. माझ्या आजोबांच्या गावात विहीर होती. तिला हात लावायची त्यांना बंदी. वरून कुणाला दया आली आणि त्याने ओंजळीत ओतलं, तर प्यायचं."

वेन्डेलचे डोळे चमकले. दोन वर्षं भिंतीवर चेंडू मारणाऱ्याला समोरून अचानक कुणी परतवावा, तसं झालं त्याचं. "बरं, पुस्तक बाजूला ठेवू. तू पुस्तक मानावंस असं माझं म्हणणंच नाही. तू राहतोस सेम्बावांगला. पार्कात गेलास की पाण्यापलीकडे दुसऱ्या देशातलं जोहोर दिसतं. तिथून रोज तुझ्या मुलीच्या शाळेवर रॉकेटं येऊ लागली, तर तुझ्या सरकारने किती दिवस वाट बघावी?"

"एकही नाही. शाळेवर रॉकेट टाकणारा माझा कुणी लागत नाही. पण जोहोरच्या माणसाचं पाणी, वीज, रस्ता, समुद्र, सगळं सेम्बावांगच्या हातात असतं तर?"

"इथे उलटं आहे," श्रीनिवास हळूच म्हणाला. "पाणी जोहोरहून इकडे येतं." त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"इस्रायलचे लोक गाझातून निघून आले, नरेश! आपली माणसं सैनिकांकरवी ओढून बाहेर काढली. आपल्या मेलेल्यांची थडगी उकरून बरोबर नेली. त्याच्या बदल्यात काय मिळालं?"

"निघून आले आणि दार बाहेरून लावून घेतलं. तुम्ही रॉकेटं बघता, ती खरी आहेत. मी तहान बघतो. ज्याला दुसऱ्याने दार उघडल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्याला 'आधी शांत बस, मग बोलू' म्हणणं फार सोपं असतं. दार उघडणाऱ्याला."

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. वेन्डेल उठला. त्याची मान लालबुंद झाली होती. "तू चुकतोयस, मेश्राम," तो म्हणाला. "साफ चुकतोयस." आणि ट्रे उचलून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी वेन्डेल जेवायला आला नाही.

त्याच्या केबिनचं दार बंद होतं, पडदे ओढलेले होते, आतून फोनवर चढलेला आवाज ऐकू येत होता. दुपारी तो व्हरांड्यात समोरून आला आणि नरेशकडे न बघता तसाच पुढे गेला. ह्यूस्टनला नावं पाठवायची आहेत म्हणे, अशी कुजबुज यार्डात पसरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुठलं गाझा, कुठलं तुआस. दोन वर्षं तोंडाला कुलूप होतं, ते नेमकं आता उघडायचं होतं का?

संध्याकाळी त्याने नागपूरला वडिलांना फोन लावला. गणपतराव मेश्राम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कारकून. नरेशला सभेत उभं राहून बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. चौदा एप्रिलला वस्तीत त्यांचं भाषण झालं की बायका डोळे पुसत. पण ऑफिसातले गणपतराव वेगळे होते. तिथे त्यांना एकदाच बोलायची बुद्धी झाली होती.

"एका बैठकीत मी साहेबाले म्हटलं, साहेब, हा आकडा चुकला," त्यांनी पुन्हा एकदा ती गोष्ट सांगितली. "साहेब हसला. 'शाबास मेश्राम' म्हणाला. दौऱ्यावर माझ्या डब्यातली भाकर खायचा तो, लेका. इतका गोड माणूस. अन् वर काय लिहून पाठवलं? 'उद्धट.' तोंडावर हसला, कागदावर नाही हसला. तिथंच कारकून राहिलो मी."

"बाबा, हा तसा नाही."

"तो गोड बोलून असं करत होता. हा तर तोंडावरच भांडते म्हणतो तू. मग हा कागदावर काय करीन? तुले काय करायचं त्या गाझाचं? पाण्यात राहून माशाशी वैर करत नसतात. उद्या जा अन् सांग, साहेब, विचार केला, तुमचंच पटलं. एवढ्यानं तुझी जीभ झडत नाही."

ज्या माणसाने आपल्याला बोलायला शिकवलं, तोच आज गप्प बसायला शिकवत होता. त्याच्या आवाजातली भीती खरी होती. ती आयुष्यभर भोगून कमावलेली होती.

सकाळी तो वेन्डेलच्या केबिनमध्ये गेला. टोपी हातात. हा आणखी एक मूर्खपणा, कारण यार्डात टोपी डोक्यावर असते.

"वेन्डेल, परवाच्या बोलण्यावर मी विचार केला. घरी जाऊन थोडं वाचलंही. तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

वेन्डेलने हातातलं काम बाजूला ठेवलं. "असं? कशामुळे पटलं?"

"म्हणजे... रॉकेटं. सेम्बावांगवर रॉकेटं आली तर कुणीच वाट बघणार नाही."

"आणि दाराचं काय? दार बाहेरून लावलंय म्हणाला होतास."

"ते... ते निघून तर आले होते ना. थडगीसुद्धा उकरून नेली. त्याच्या बदल्यात काय मिळालं?"

नरेशला वाटलं होतं वेन्डेल खूश होईल, पाठीवर थाप मारेल. पण त्याचा चेहरा उतरला. बाजारातून घरी आणलेलं कलिंगड कापावं आणि आत पांढरं निघावं, तसा. "ठीक आहे," एवढंच तो म्हणाला.

जेवणानंतर त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं की गुरुवारी उचलणीचा प्रमुख श्रीनिवास असेल. नरेश खाली, माणसांना धोक्याच्या दोरीच्या बाहेर ठेवायला.

नरेशच्या कानशिलात कुणीतरी भडकावल्यासारखं झालं. सगळे पांगल्यावर तो वेन्डेलच्या मागे धावला. आता घालवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे आवाजही चढला. "माझं गणित चुकलं का?"

"तुझ्या गणितात एक टिंब चुकलेलं नाही."

"मग? गाझाबद्दल बोललो म्हणून?"

"हो," वेन्डेल म्हणाला. "पण पहिल्यांदा बोललास त्याबद्दल नाही. दुसऱ्यांदा बोललास त्याबद्दल." दूर कुठेतरी वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, त्याकडे बघत तो बोलू लागला. "कॅन्टीनमध्ये तू माझ्याशी भांडलास. सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, हा माणूस मला क्रेनखाली मरू देणार नाही. तुझं म्हणणं मला कवडीचं पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण ते तुझं होतं. आज सकाळी तू माझीच वाक्यं धुऊन-पुसून मला परत दिलीस. साहेबाचं तोंड बघून तू गाझाबद्दल मत बदललंस. गुरुवारी क्रेनला वजन लटकलेलं असेल, ग्राहक घड्याळ बघत असेल आणि मी म्हणेन, उचला. तेव्हाही तू माझं तोंड बघशील."

"माणसाचं मत बदलू शकत नाही?"

"बदलतं की. माझ्या बायकोचं एक मत बदलायला मला अकरा वर्षं लागली, आणि शेवटी माझंच बदललं. एका रात्रीत बदलते ती टोपी."

नरेश तिथेच उभा राहिला. संताप आला होता, लाज त्याहून जास्त आली होती. आजवर त्याने बोलल्याची शिक्षा झालेली माणसं पाहिली होती. घरातच होतं एक. पण होला हो म्हटल्याबद्दल कुणाला शिक्षा झालेली त्याने ना पाहिली होती ना ऐकली होती. आणि खोल कुठेतरी त्याला त्या लाल मानेच्या अमेरिकनाबद्दल इतका आदर वाटला की त्याचाही राग आला.

घरी अंजलीने सगळं ऐकून घेतलं. ती मध्ये बोलत नाही, प्रयोगशाळेची सवय. शेवटी म्हणाली, "तुला खरंच पटलं होतं का त्याचं?"

"छे."

"मग तो बरोबरच बोलला ना. मला तुझा राग नाही येत, नरेश. बाबांचा तर नाहीच नाही. पण बाबांच्या साहेबाला घाबरून तू या साहेबाशी खोटं बोललास."

"Papa, your boss scold you ah?" इराने गृहपाठातून मान वर न काढता विचारलं.

"हो."

"Then say sorry lah."

"सॉरीच म्हणायला गेलो होतो, बाई. तिथेच तर घोळ झाला."

गुरुवारी सकाळी लख्ख ऊन होतं. बार्ज धक्क्याला लागलेलं, ते ओढून नेणाऱ्या टगबोटी तयार, भरती चढत आलेली. ती ओसरायच्या आत सांगाडा बार्जवर जायला हवा होता. ग्राहकाची माणसं पांढऱ्याशुभ्र टोप्या घालून सावलीत उभी होती. श्रीनिवासच्या हातात रेडिओ. नरेश खाली, क्रेनच्या जवळ, दोरीच्या बाहेर राहा म्हणून कामगारांना हाकत होता. आपणच मांडलेलं गणित दुसऱ्याच्या हाताने घडताना बघायचं, याहून कडू काम नाही. पण श्रीनिवास ते नीट करत होता, हेही त्याला मान्य करावं लागलं.

दोर ताणले गेले. सांगाडा वीतभर उचलला गेला आणि ठरल्याप्रमाणे तिथेच थांबवला. वजन दाखवणारे सगळे काटे बरोबर होते. आणि नरेशला पाणी दिसलं.

क्रेनचे रणगाड्यासारखे पट्टे ज्या जाड लाकडी फळ्यांवर उभे होते, त्यांच्या कडेने गढूळ पाणी वर येत होतं. बुडबुडे फुटत होते. तुआसची ती जमीन म्हणजे समुद्रात भर घालून केलेली जमीन. आत वाळू वाहून गेली असेल तर वरून काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. यार्डात जागोजागी पाट्या होत्या की धोका वाटल्यास कुणीही काम थांबवू शकतो. त्या पाट्या सगळ्यांनी वाचल्या होत्या आणि आजवर कुणीही, कधीही काहीही थांबवलं नव्हतं. रेडिओवर वेन्डेलचा आवाज आला, "छान दिसतंय. श्रीनिवास, उचल."

नरेशने दोन्ही हात फैलावले आणि तो क्रेनच्या समोर जाऊन ओरडला, "थांबा!"

वर केबिनमध्ये बसलेल्या मलय ऑपरेटरने खालचा तो वेडावाकडा माणूस पाहिला आणि हँडल सोडलं. वेन्डेल धावत आला. "काय झालं?"

"जमिनीतून पाणी येतंय. खाली ठेवा. तपासल्याशिवाय उचलायचं नाही."

"भरती जाईल."

"जाऊ दे."

"काटे बरोबर आहेत, नरेश. मी तीस वर्षं हेच करतोय. मला यात काही दिसत नाही."

"मला दिसतंय," नरेश म्हणाला. "तुम्ही म्हणालात तरी उचलायचं नाही."

वेन्डेलने ग्राहकाच्या माणसांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि रेडिओ तोंडाशी नेला. "खाली ठेवा," तो म्हणाला.

सांगाडा खाली आला. फळ्या उचलल्या, जमीन खणली, तपासणारी माणसं यंत्रं घेऊन आली. दुपार होईपर्यंत भरती निघून गेली होती आणि टगबोटीही. टगबोटी, बार्ज आणि भरती पुन्हा जुळायला शनिवार उजाडणार होता. तोवर तपासणीही आटोपली. रंगकामाच्या शेडमागे कुणीतरी नळाची रबरी नळी चालू ठेवून गेलं होतं. ते पाणी उतारावरून फळ्यांखाली साचलं होतं. जमीन दगडासारखी पक्की होती. नरेशने गणितात लिहिली होती तशीच.

नरेशने ते ऐकलं आणि तो एका उलट्या बादलीवर बसून राहिला. नळी! आता तर प्रश्नच मिटला होता. बाबांचा साहेब 'उद्धट' एवढंच लिहायचा. इथे 'उद्धट' आणि 'मूर्ख' दोन्ही लिहिता आलं असतं, आणि दोन्ही खरं ठरलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना श्रीनिवास त्याच्या शेजारी येऊन बसला. "काल ह्यूस्टनशी बोलणं झालं, तेव्हा मी खोलीत होतो," तो म्हणाला. "ग्राहक फार तापलाय. तिकडून विचारलं, काम कुणी थांबवलं? वेन्डेल म्हणाला, मी. ते म्हणाले, आम्हाला कळलंय कुणी इंजिनिअर मध्ये आला, त्याचं नाव सांग. वेन्डेल म्हणाला, लिहून घ्या, प्रुइट, पी आर यू आय टी टी." श्रीनिवास हसला, पण लगेच गंभीर झाला. "पुढच्या टप्प्याला त्याच्या जागी दुसरा माणूस येतोय. हे काम संपलं की त्याला घरी पाठवणार."

नरेश ताडकन उठून उभा राहिला.

"अजून एक. तू कॅन्टीनमध्ये भांडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दार लावून बसला होता, आठवतं? ते आपल्या सगळ्यांसाठी होतं. अर्धे इंजिनिअर कमी करा म्हणत होते. त्याने दिवसभर भांडून हे काम संपेपर्यंत तरी एकही कमी होऊ दिला नाही. तुला वाटलं तुझ्यावर रुसलाय?"

बस आली. नरेश सेम्बावांगपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला आणि एकदा त्याने डोळे पुसले. त्याला त्या माणसाच्या देवाबद्दल, मतांबद्दल, गाझाबद्दल काही पटत नव्हतं. पण स्वतःचं नाव पुढे करून दुसऱ्याचं झाकणारा साहेब आपल्या बापाला एकदा तरी भेटायला हवा होता, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं सहन होईना.

शनिवारी सकाळी सगळे पुन्हा जमले. तीच ग्राहकाची माणसं, त्याच पांढऱ्या टोप्या, आज चेहरे मात्र आंबट. ह्यूस्टनहून आलेला एक तरुण अधिकारीही होता, वेन्डेलवर नजर ठेवायला. वेन्डेल नरेशसमोर येऊन उभा राहिला आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"गुरुवारी तू चुकलास."

"हो," नरेश म्हणाला.

"नळी होती."

"नळी होती."

"आणि गाझाबद्दलही तू चुकतोस. मला माहीत आहे तुझं मत बदललेलं नाही." त्याने श्रीनिवासकडे हात केला. श्रीनिवासने हसत रेडिओ पुढे केला आणि वेन्डेलने तो नरेशच्या हातात दिला. "माझ्या तोंडावर चुकणारा माणूस मला हवा होता. आजची उचलणी तुझी."

पांढऱ्या टोप्या एकमेकींकडे वळल्या. ह्यूस्टनचा तरुण पुढे सरकला, काहीतरी विचारणार होता. इथे शहाण्या माणसाने मान लववून आभार मानले असते. नोकरी हातात आली होती, फ्लॅट, शाळा, प्रयोगशाळा, सगळं त्या रेडिओबरोबर परत आलं होतं.

"क्रेनबद्दल चुकलो," नरेश म्हणाला. "गाझाबद्दल नाही."

वेन्डेलची मान लाल होऊ लागली. वाद घालायला त्याने तोंड उघडलं. मग त्याने घड्याळ पाहिलं.

"जेवताना बघतो तुझ्याकडे," तो म्हणाला. "आता उचल."